जिन्यावरची चालती खुर्ची

भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९६० पासून येथे रेल्वेचे रूळ लाटले जात आहेत. भारतीय रेल्वेला लागणाऱ्या रुळांचा फार मोठा भाग या एका कारखान्याने पुरविला आहे. दुर्ग जिल्ह्यातील हा प्रदेश आता छत्तीसगड राज्यात मोडतो.

या कारखान्याच्या उभारणीसाठी देशाच्या सर्व प्रांतांतून तरुण माणसे आली. मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूर जवळ असल्यामुळे विदर्भातील मराठी कुटुंबेही येथे येऊन स्थायिक झाली. पहिली भट्टी पेटली तेव्हा जो पंचवीस वर्षांचा होता, त्याला १९९४ साली साठ वर्षे पूर्ण झाली. त्याच्या मागून आलेली पिढीही आज सत्तरीच्या घरात आहे. जे गाव तरुणांच्या एका लाटेने वसते, त्याच्या वाट्याला वार्धक्यही लाटेनेच येते.

कारखान्याची वसाहत ‘सेक्टर’ नावाच्या विभागांत आखलेली आहे. नोकरीत असेतोवर तेथील घरात राहावयाचे आणि निवृत्तीच्या सुमारास नेहरूनगर, वैशालीनगर, स्मृतीनगर अशा वस्त्यांत स्वतःचे घर बांधावयाचे, हा अनेक कुटुंबांचा क्रम झाला. घर बांधताना खाली बैठक व स्वयंपाकघर आणि वर निजावयाच्या खोल्या, ही रचना सोयीची वाटते. त्या वयात जिन्याच्या पायऱ्या कोणी मोजत नाही. त्या मोजण्याची वेळ पुढे येते.

अठरा पायऱ्यांचे घर

असे एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. गृहस्थ रूळ लाटण्याच्या विभागातून निवृत्त झालेले, वय शहात्तर. गृहिणी एकाहत्तर वर्षांच्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांतील सांध्यांची झीज झालेली. जिना नऊ पायऱ्यांचा, मग वळणाचा चौथरा आणि पुन्हा नऊ पायऱ्या. वर निजण्याची खोली व तिच्यापुढे गच्ची.

गृहिणींनी प्रथम दिवसाच्या खेपा कमी केल्या. सकाळी उतरावयाचे आणि रात्रीच चढावयाचे, असा नेम त्यांनी घातला. पुढे कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत त्या चढू लागल्या. एका पावसाळ्यात त्यांची खाट बैठकीत आली. चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवण घालण्याचे त्यांचे काम शेजारच्या मुलींकडे गेले. पापड वाळले की नाही हे त्या खालूनच विचारू लागल्या. घर होते तेवढेच राहिले, परंतु त्यांच्यापुरते ते निम्मे झाले.

पुण्यास असलेल्या मुलाने दूरध्वनीवरून जिन्यावर चालती खुर्ची बसविण्याचे सुचविले. गृहस्थांना ते पटले. गृहिणींनी मात्र साफ नकार दिला. “मला काय पालखीत बसवून मिरवायचं आहे?” असा त्यांचा प्रश्न होता. या नकारात काही अर्थ आहे किंवा कसे, हे ठरविण्यापूर्वी जिना चढणे-उतरणे म्हणजे शरीराच्या दृष्टीने काय, हे पाहिले पाहिजे.

चढण्याहून उतरणे कठीण

साधारण समजूत अशी की, जिना चढताना श्रम पडतात आणि उतरणे सोपे असते. दम लागण्याच्या दृष्टीने हे खरे आहे. गुडघ्याच्या दृष्टीने मात्र परिस्थिती उलट आहे. जर्मनीतील संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी सूक्ष्म उपकरणे बसविली आणि त्यावरून मिळालेली मापे २०१० साली प्रसिद्ध केली. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना चढताना तो तिपटीहून थोडा अधिक होतो आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट होतो. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्यावर उतरताना प्रत्येक पायरीस दोनशे किलोंच्या आसपास भार पडतो.

असे का व्हावे? उतरताना आपण स्वतःला खाली ‘सोडत’ असतो. वरच्या पायरीवरील पायाचा गुडघा हळूहळू वाकतो आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन आवरून धरतात. उतारावरील बैलगाडीला मागून दोर लावून आवरावे, तसेच हे काम आहे. स्नायूंची ही ओढ गुडघ्याच्या सांध्यावरच दाब देते. सांध्यातील कूर्चा झिजलेली असेल तर वेदना होते, वेदनेमुळे स्नायू एकाएकी ढिले पडतात आणि पाय लचकतो. त्यात उतरताना दृष्टी खाली, तोल पुढे आणि पडल्यास समोर पोकळी. ‘चढून तर जाईन, पण उतरू कशी?’ असे वृद्ध माणसे म्हणतात, तेव्हा त्यांचे शरीर त्यांना खरेच सांगत असते.

एका फेरीस लागते किती?

आता दुसरी बाजू पाहू. हेच काम यंत्राने करावयाचे झाल्यास त्यास किती ऊर्जा लागेल? एक पायरी सतरा सेंटिमीटर उंच धरली, तर अठरा पायऱ्यांची उंची ३.०६ मीटर होते. साठ किलो वजन इतके वर उचलण्यास सुमारे १,८०० ज्यूल कार्य करावे लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. म्हणजे केवळ गणिताने पाहिले तर एका युनिटात ती व्यक्ती दोन हजार वेळा वर जाईल. प्रत्यक्षात खुर्चीचे स्वतःचे वजन, दात्यांचे घर्षण आणि मोटारीतील उष्णता यांत बरीच ऊर्जा जाते. पण खर्च याच्या कित्येक पट धरला तरी तो नगण्यच राहतो.

ही फेरी एका मिनिटात झाली, तर व्यक्तीला उचलण्यापुरती शक्ती तीस वॉट भरते. जुन्या काळच्या साठ वॉटच्या दिव्याच्या ती निम्मी आहे. जे काम झिजलेल्या गुडघ्याला असह्य होते, ते यंत्राला इतके क्षुल्लक आहे. अडचण शक्तीची नसून त्या शक्तीला अरुंद जिन्यावर सुरक्षित वाट काढून देण्याची आहे.

या वाटेचा शोध

अमेरिकेत एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोर तुटला तरी खाली न कोसळणारा पाळणा दाखविला, आणि माणसांनी लिफ्टमध्ये निर्धास्तपणे बसावे असा विश्वास निर्माण केला. परंतु अशा लिफ्टसाठी घरात उभी विहीर लागते. राहत्या घराचा जिना तसाच ठेवून त्यावरूनच माणसाला नेण्याची युक्ती पेनसिल्व्हेनियातील सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२३ साली प्रत्यक्षात आणली. आजारामुळे वरच्या मजल्यावर अडकून पडलेल्या एका स्नेह्याला पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. जिन्याच्या कडेने रूळ आणि त्यावरून सरकणारे, मिटता येणारे आसन, असे त्याचे स्वरूप होते. शंभर वर्षांनंतरही मूळ कल्पना तीच आहे.

त्याच सुमारास फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पक्षाघाती आजाराने गाठले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेला हा पुरुष हाइड पार्क येथील आपल्या घरी, मुळात सामानाच्या पेट्यांसाठी असलेल्या लिफ्टमध्ये चाकांच्या खुर्चीसह बसे आणि दोर हातांनी ओढून स्वतःच वर जाई. विजेवर चालणारी लिफ्ट त्यांनी तेथे बसविली नाही. आग लागून वीज गेली तर आपण अडकून पडू, अशी त्यांना धास्ती होती. यंत्र आपल्या हाती असावे, आपण यंत्राच्या हाती नसावे, ही अपेक्षा आजच्या खुर्चीच्या रचनेतही दिसून येते.

खुर्ची चालते कशी?

जिन्याच्या एका कडेने, पायऱ्यांच्या उताराला समांतर असा धातूचा रूळ बसवितात. बहुतेकांचा समज असतो की हा रूळ भिंतीत ठोकला जातो. वस्तुतः तो लहान पायांवर उभा असतो आणि ते पाय पायऱ्यांनाच पक्के केलेले असतात. भार भिंतीवर येत नाही. सामान्यतः रुळाच्या अंगाला दात असलेली पट्टी असते. खुर्चीखालच्या गाड्यातील मोटार एक दंतचक्र फिरवते आणि ते चक्र दातांत अडकत अडकत गाडा वर चढवते. खुर्ची दात्यांत गुंतलेली असल्यामुळे ती रुळावरून घसरत नाही. यंत्रात बिघाड होऊन वेग मर्यादेबाहेर गेलाच, तर गतिरोधक आपोआप पकड घेतो.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा खुर्चीचा वेग सेकंदाला पंधरा सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. माणसाच्या नेहमीच्या चालीच्या तो जेमतेम आठवा भाग आहे. हातावरील कळ दाबून धरली असेतोवरच खुर्ची चालते. बोट उचलले की थांबते. पाय ठेवण्याच्या फळीच्या कडेला पायरीवर राहिलेली चप्पल किंवा मुलाचे खेळणे लागले, तरी ती जागीच थांबते. वर पोचल्यावर आसन जिन्याकडून चौथऱ्याकडे फिरविता येते, म्हणजे उतरणाऱ्याची पाठ जिन्याच्या पोकळीकडे राहते आणि पाऊल सपाट जमिनीवर पडते. ही फिरणारी बैठक म्हणजे केवळ चैन नव्हे. पडण्याचा सर्वांत मोठा संभव जिन्याच्या माथ्यावर, बसताना आणि उठतानाच असतो.

आधी टेप, मग किंमत

खुर्ची विकत घेण्याआधी जिना मोजला पाहिजे. ज्या ठिकाणी जिना सर्वांत अरुंद आहे ते माप महत्त्वाचे. कारण खुर्ची मिटल्यावर इतरांना बाजूने जाण्यास वाट उरली पाहिजे. बसलेल्या व्यक्तीचे गुडघे समोरच्या कठड्याला किंवा भिंतीला लागतात की काय, हे तिला साध्या खुर्चीवर बसवून, भिंतीपासून गुडघ्यांपर्यंतचे अंतर मोजून पाहावे. वळणावर डोके तुळईला लागू नये. पायथ्याशी दार असेल, तर रुळाचे टोक त्या दारात येते. तेथे मोडून उचलता येणारा रूळ लागतो.

आपल्याकडील जिना बहुधा मध्येच उलट वळतो. त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, वळणासह संपूर्ण जिन्याच्या मापाचा वाकविलेला रूळ तयार करून घेणे. हा रूळ त्या एका जिन्यासाठीच घडविलेला असतो. घर बदलले तर तो दुसरीकडे चालत नाही, आणि त्यामुळे तो महागही असतो. दुसरा मार्ग म्हणजे दोन सरळ रूळ व दोन खुर्च्या बसवून मधल्या चौथऱ्यावर एकीवरून उठून दुसरीवर बसणे. सरळ रूळ पुढे कापून अन्यत्र वापरता येतो. परंतु जिला उठण्या-बसण्याचाच त्रास आहे, तिला मध्येच उठविणे कितपत योग्य, याचा विचार केला पाहिजे.

जिन्याचे साहित्यही पाहावे लागते. ज्या देशांत ही खुर्ची प्रथम रूढ झाली तेथे लाकडी जिने पुष्कळ. स्क्रू लाकडात सरळ बसतो. आपला जिना सळया घातलेल्या काँक्रीटचा आणि वर कोटा, संगमरवर वा ग्रॅनाइटची लादी. लादी ही केवळ त्वचा आहे. तिच्याखाली मसाल्याचा थर आणि मग काँक्रीट. खिळवण काँक्रीटपर्यंत पोचली नाही, तर खुर्चीचा भार लादीवरच राहतो आणि लादी उचकटते. कडेच्या फार जवळ भोक पाडल्यास ती तडकते. लादीवर हलके ठोकून पाहावे. जेथे पोकळ आवाज येतो तेथे आधी दुरुस्ती करावी. अनेक घरांचा जिना बाहेरच्या बाजूस उघडा असतो. तेथे पाऊस, धूळ व ऊन सहन करणारी, आच्छादनासह मिळणारी खुर्चीच घेतली पाहिजे.

वीज आणि उन्हाळा

आजच्या बहुतेक खुर्च्या घरच्या विजेवर थेट चालत नाहीत. गाड्यात बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि खुर्ची रुळाच्या टोकाला उभी असताना त्या भारित होत राहतात. वीज गेली तरी काही फेऱ्या होऊ शकतात, ही रूझवेल्ट यांच्या धास्तीवर मिळालेली मोठी सोय होय. परंतु खुर्ची मध्येच सोडून दिली, तर भारण थांबते आणि बॅटरी उतरते.

भिलाईच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुष्कळ वर जातो. शिसे व आम्ल यांच्या बॅटरीबाबत असा ठोकताळा आहे की, पंचवीस अंशांनंतर दर दहा अंशांस तिचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते. म्हणून कारखानदाराने सांगितलेल्या मुदतीवर विसंबून न राहता दरवर्षी बॅटरी तपासून घ्यावी, आणि गच्चीच्या दारातून येणारे ऊन थेट खुर्चीवर पडणार नाही अशी तिची जागा ठेवावी. दुरुस्तीचा माणूस कोठून व किती दिवसांत येईल, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारण्यासारखा आहे. खुर्चीवर अवलंबून राहणारी व्यक्ती वर असताना ती बंद पडली, तर त्या दिवसापुरते घर पुन्हा निम्मे होते; या वेळी वरचे.

कोणासाठी नाही?

ही खुर्ची सर्वांना मानवते असे नाही. जिला आधाराशिवाय ताठ बसता येत नाही, जिला वारंवार घेरी येते, किंवा स्मृतिभ्रंशामुळे जी वाटेतच उठून उभी राहण्याचा संभव आहे, अशा व्यक्तीस ती धोक्याची ठरू शकते. पक्षाघाताने उजवा हात दुबळा झाला असेल, तर कळ डाव्या हाताशी हवी. लुगड्याचा पदर किंवा धोतराचा सोगा मोकळा सोडून बसू नये. तो आवरून मांडीवर घ्यावा आणि पट्टा लावावा. लहान मुले घरी येतात तेव्हा किल्ली काढून ठेवावी. चालण्यास काठी किंवा वॉकर लागत असेल, तर वर दुसरा ठेवावा. खुर्ची जिन्यापुरतीच आहे, पुढची चार पावले चालावयाचीच असतात.

ज्याला जिना चढणे जमते, त्याने तो चढत राहावे, असेच वैद्यक सांगते. वापरलेले स्नायू टिकतात. कित्येकदा जिन्याच्या दोन्ही अंगांस कठडा, चांगला उजेड आणि पायऱ्यांच्या कडांना ठळक रंग एवढ्यानेही काम भागते. उतरणीचा चढ मात्र उपयोगी पडत नाही. चाकांच्या खुर्चीसाठी एकास बारा हे प्रमाण धरले, तर तीन मीटर उंचीसाठी छत्तीस मीटर लांब चढ बांधावा लागेल. तेवढी जागा कोणत्या घरात असते? अनेक बिऱ्हाडांचा सामाईक जिना असेल, तर रूळ बसविण्यापूर्वी मालकाची व शेजाऱ्यांची संमती घेणे आणि सर्वांसाठी पुरेशी वाट मोकळी ठेवणे हे कर्तव्यच आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घालतो. खाजगी घरातला जिना मात्र घरच्या माणसांच्याच विचारावर सोपविलेला आहे.

शेवटचा शब्द कोणाचा?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्ती दहा कोटींहून अधिक होत्या. त्यांच्यासाठी काय करावे, हे बहुधा इतर मंडळी ठरवितात. पैसा मुलाचा, मापे कारागिराची, निर्णय गृहस्थांचा. आणि बसावयाचे कोणी, तर गृहिणींनी. आपल्या कल्पित घरातील गृहिणींचा नकार येथून उगवला होता. त्यांना खुर्चीची भीती नव्हती. खुर्चीवर बसले की आपण घरातली कर्ती बाई उरणार नाही, आजारी माणूस ठरू, ही त्यांची धास्ती होती.

अशा वेळी आग्रह करण्यापेक्षा प्रश्न विचारणे बरे. त्यांना वर कशासाठी जावयाचे आहे? दिवसातून किती वेळा? कळ कोणत्या हाताशी हवी? रूळ भिंतीकडून गेलेला चालेल की कठड्याकडून? जमल्यास एखाद्या ठिकाणी बसविलेली खुर्ची त्यांनी स्वतः कळ दाबून चालवून पाहावी. बोट उचलताच ती थांबते, हे ज्याला आपल्या बोटाने कळते त्याची भीती निम्मी ओसरते. हे सर्व विचारूनही उत्तर ‘नको’ असे आले, तर खालीच एक खोली नीट निजण्याजोगी करून द्यावी. तोही सन्मानाचाच मार्ग आहे. बैठकीत तात्पुरती म्हणून टाकलेली खाट कायमची होऊ देणे, हा मात्र निर्णय नव्हे. ती निर्णयाची टाळाटाळ होय.

समजा, त्या घरात उत्तर ‘हो’ असे आले. लादी ठोकून पाहिली गेली, पोकळ निघालेल्या दोन पायऱ्या दुरुस्त झाल्या, वाकविलेला रूळ घडवून आला आणि कळ उजव्या हाताशी बसविली गेली. मग वैशाखातील एका सकाळी गृहिणी पदर आवरून खुर्चीवर बसतील, पट्टा लावतील आणि एक-दीड मिनिटात वर पोचतील. पापडांचे पीठ मळलेले पातेले शेजारची मुलगी पायऱ्यांवरून नेईल. ओझे खुर्चीवर न्यावयाचे नसते. चाके लावलेल्या गाड्या ज्यांच्यावरून धावतात ते रूळ जन्मभर लाटणारे गृहस्थ मागून पायऱ्या चढत येतील, कारण त्यांचे गुडघे अद्याप शाबूत आहेत. वाळवण कोठे घालावयाचे, हे मात्र या वर्षी गृहिणीच सांगतील.